चौशिंगा : नाव, चित्र आणि प्रदेश (१८१६ ते १९००)
राजापूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

चौशिंगा हा केवळ भारत आणि नेपाळ या दोन देशांत आढळणारा, लहान चणीचा व आज दुर्मीळ झालेला कुरंग होय. एकोणिसाव्या शतकात युरोपीय निसर्गअभ्यासकांनी त्याची वर्णने आणि चित्रे प्रसिद्ध केली. या वर्णनांचा व चित्रांचा इतिहास प्रस्तुत लेखात मांडला आहे. चार शिंगांवरून पडलेले नाव आणि त्या नावाला अनुसरून काढलेली चित्रे यांमुळे या प्राण्याची ओळख निश्चित झाली. परंतु त्याच वेळी ती संकुचितही झाली. शिंगे नसलेली मादी आणि पुढची शिंगे खुरटलेला दक्षिणेकडील नर हे दोघे या ओळखीच्या बाहेर राहिले. १८३९ मध्ये दक्षिण मराठा मुलखातून झालेली एक नोंद या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाने जुन्या प्राणिविषयक नोंदी कशा वाचाव्यात, याचा विचार त्या नोंदीच्या आधारे येथे केला आहे.

बीजसंज्ञा : चौशिंगा, भेकर, चिंकारा, निसर्गचित्रे, दक्षिण मराठा मुलूख, वॉल्टर एलियट, राजापूर.

प्रस्तावना

राजापूरचा इतिहास सामान्यतः बंदर, वखार आणि व्यापार यांच्या अंगाने लिहिला जातो. आदिलशाही काळातील बंदर, सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्रजांनी घातलेली वखार आणि १६६१ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी केलेली मोहीम हे त्यातील परिचित टप्पे होत. अर्जुना नदीच्या खाडीतून येणारा माल सह्याद्रीचे घाट चढून देशावर जात असे. राजापूरहून ओणी, पाचलमार्गे अणुस्कुरा घाट ओलांडला की कोल्हापूरचा मुलूख लागतो आणि तेथून बेळगाव, धारवाडकडे वाटा फुटतात. हा मार्ग जसा व्यापाराचा, तसाच तो दोन भिन्न निसर्गप्रदेशांना जोडणाराही आहे. घाटाच्या अलीकडे जांभ्याचे सडे आणि दमट रान, तर पलीकडे पाऊस कमी होत जाणारे पानझडीचे रान व माळ असा हा क्रम आहे.

या प्रदेशातील माणसाने प्राण्यांची चित्रे काढण्यास फार पूर्वीच आरंभ केला होता. राजापूर तालुक्यातील बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे, कशेळी येथील सड्यांवर कोरलेली कातळशिल्पे आज सर्वपरिचित आहेत. २०२२ मध्ये त्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. कशेळी येथील प्रचंड हत्तीची आकृती आणि तिच्या सान्निध्यातील अन्य पशूंच्या आकृती पाहता, या कोरक्यांचे प्राणिनिरीक्षण सूक्ष्म होते हे स्पष्ट होते. मात्र या चित्रांना नावे जोडलेली नाहीत. चित्राखाली नाव लिहिण्याची आणि त्या नावाला जगभर एकच अर्थ देण्याची पद्धत अठराव्या शतकातील युरोपीय निसर्गशास्त्राबरोबर आली. या पद्धतीने काय साधले आणि काय गमावले, याचे एक बोलके उदाहरण म्हणजे चौशिंगा होय.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. चौशिंग्याच्या शास्त्रीय नामकरणाचा व चित्रणाचा कालानुक्रमे आढावा घेणे.
२. मराठी मुलखातील नावे या प्रक्रियेत कशी नोंदली गेली व कशी मागे पडली, हे तपासणे.
३. वॉल्टर एलियट यांच्या १८३९ मधील नोंदीचे ऐतिहासिक महत्त्व स्पष्ट करणे.
४. स्थानिक प्राणि-इतिहासाच्या लेखनासाठी काही उपयुक्त निकष सुचविणे.

हरीण, कुरंग आणि नावांचा गोंधळ

मराठीत 'हरीण' हा शब्द व्यापक अर्थाने वापरला जातो. प्राणिशास्त्र मात्र त्यात दोन स्वतंत्र कुळे मानते. सांबर, चितळ, भेकर हे सारंगकुळातील प्राणी असून त्यांच्या नरांची शिंगे भरीव हाडाची असतात, ती गळून पडतात व पुन्हा उगवतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा हे गाय-शेळीच्या कुळातील कुरंग होत. त्यांची शिंगे हाडाच्या गाभ्यावर चढलेल्या टणक आवरणाची असतात व ती आयुष्यभर टिकतात.

चौशिंग्याची खांद्यापाशी उंची साधारणतः ५५ ते ६५ सेंटीमीटर आणि वजन सुमारे २० किलो असते. कळपाने न राहता तो एकेकटा किंवा जोडीने राहतो. उंच गवत असलेले पानझडीचे रान आणि जवळपास पाणी ही त्याची मुख्य गरज होय. शिंगे केवळ नराला असतात. मागची जोडी साधारणतः ८ ते १२ सेंटीमीटर लांबीची, तर डोळ्यांच्या वर कपाळावर असणारी पुढची जोडी २ ते ५ सेंटीमीटर लांबीची असते. काही नरांमध्ये पुढच्या शिंगांच्या जागी केवळ गाठी दिसतात, तर काहींमध्ये तेवढ्याही नसतात. जंगली प्राण्यांत चार शिंगांचे हे वैशिष्ट्य अन्य कोणत्याही जातीत नाही.

कोकणातील शिकाऱ्यास आणि शेतकऱ्यास सर्वाधिक परिचित असलेला लहान 'हरीण' म्हणजे भेकर होय. तांबूस अंग, भुंकल्यासारखा आवाज आणि केसाळ उंचवट्यांवर उगवलेली आखूड शिंगे ही त्याची लक्षणे. तथापि दाट झुडपातून क्षणभर दिसून नाहीशी होणारी भेकराची मादी आणि चौशिंग्याची मादी यांत फरक करणे अनुभवी माणसासही कठीण जाते. दोघी शिंगांविना असतात, दोघींची चण जवळजवळ सारखी असते आणि दोघी मान खाली घालून झुडपात शिरतात. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी शिकारसाहित्यात या दोन प्राण्यांची गल्लत वारंवार झालेली दिसते. त्यात नावांच्या ध्वनिसाम्याचीही भर पडली. भेकराचे मराठी नाव 'भेकर' आणि मध्य भारतातील काही भागांत चौशिंग्यास असलेले 'भिरकी' हे नाव रोमन लिपीत उतरविताना एकमेकांच्या फार जवळ येतात. परक्या कानाने ऐकलेल्या आणि परक्या लिपीत लिहिलेल्या अशा नावांवरून प्राणी ओळखणे म्हणूनच जोखमीचे ठरते.

चित्रामागील हात

युरोपीय ग्रंथांतील भारतीय प्राण्यांची चित्रे युरोपीयांनीच काढली, असा एक समज आढळतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत इंग्रजांचा वकील म्हणून आलेल्या चार्ल्स मॅलेट याच्यासाठी गंगाराम चिंतामण तांबट या पुण्याच्या चित्रकाराने तेथील प्राण्यांची चित्रे काढली. १७९० मध्ये त्याने काढलेले गेंड्याचे चित्र आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहालयात आहे. पेशव्यांकडील माणसाळलेली काळविटे वाद्यांच्या नादाने जवळ येत, असे वर्णनही मॅलेटने करून ठेवले आहे. तांबटाचे नाव टिकले, हे त्याचे भाग्य म्हणावे लागेल.

बंगालच्या तोफखान्यातील अधिकारी थॉमस हार्डविक (१७५५-१८३५) याने भारतीय प्राण्यांच्या चित्रांचा प्रचंड संग्रह केला. चार हजारांहून अधिक चित्रांचा हा संग्रह पुढे ब्रिटिश म्युझियमकडे गेला. त्यातील बहुसंख्य चित्रे भारतीय चित्रकारांनी काढलेली आहेत. गुरुदयाल यासारखे एखादे नाव सोडल्यास या चित्रकारांची नावे नोंदली गेली नाहीत. लघुचित्राच्या परंपरेत तयार झालेल्या या हातांनी केसांचा पोत आणि खुरांची ठेवण बारकाईने रेखाटली. परंतु काय काढावे, कोणत्या बाजूने काढावे आणि कोणता नमुना निवडावा, हे मात्र संग्राहक ठरवीत असे.

येथे निसर्गचित्रणाची एक परंपरा लक्षात घ्यावयास हवी. जातीचे प्रतिनिधित्व करणारा नमुना म्हणून सामान्यतः पूर्ण वाढ झालेला नर निवडला जाई. तो एका बाजूने, स्थिर उभा असलेला दाखविला जाई, कारण दोन जातींची तुलना करण्यास हीच रीत सोयीची होती. शिंगे हे ओळखीचे मुख्य लक्षण मानले गेल्यामुळे उत्तम शिंगांचा नर हाच 'खरा' नमुना ठरला. चौशिंग्याच्या बाबतीत या परंपरेचे परिणाम दूरगामी झाले.

नामकरण : १८१६ ते १८३१

फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आंरी द ब्लेंव्हिल याने १८१६ मध्ये या प्राण्यास 'क्वाड्रिकॉर्निस' असे जातिनाम दिले. 'चार शिंगांचा' हा त्या लॅटिन शब्दाचा सरळ अर्थ होय. १८२५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या व्यवहारग्रंथाच्या चौदाव्या खंडात हार्डविकचा भारतातील दोन कुरंगांवरील लेख प्रसिद्ध झाला. त्यांपैकी एक हिमालयातील गोरल होता आणि दुसरा चौशिंगा. चौशिंग्याचे वर्णन करताना हार्डविकने त्यास 'अँटिलोप चिकारा' असे नाव दिले. त्याच खंडात विल्यम लीच याने या प्राण्यासाठी 'टेट्रासेरस' अशी स्वतंत्र प्रजाती निर्माण केली. या ग्रीक शब्दाचा अर्थही 'चार शिंगांचा' असाच आहे. अशा रीतीने आज रूढ असलेल्या 'टेट्रासेरस क्वाड्रिकॉर्निस' या नावात एकच लक्षण दोन भाषांत दोनदा सांगितले गेले आहे.

हार्डविकने वापरलेला 'चिकारा' हा शब्द हिंदी भाषक प्रदेशात प्रामुख्याने वेगळ्याच प्राण्यास, म्हणजे मराठीत ज्यास चिंकारा म्हणतात त्या माळरानावरील कुरंगास लावला जातो. परिणामी एका प्राण्याचे देशी नाव दुसऱ्या प्राण्याच्या शास्त्रीय नावात शिरले. प्रथम प्रसिद्ध झालेले जातिनाम ग्राह्य धरावे, या नियमानुसार ब्लेंव्हिलचे नाव टिकले आणि हार्डविकचे नाव समानार्थी नावांच्या यादीत गेले. तरीही या काळातील एखाद्या लेखात 'चिकारा' असा उल्लेख आला, तर तो कोणत्या प्राण्याविषयी आहे हे लेखकागणिक तपासावे लागते.

खरा चिंकारा शास्त्रास परिचित झाला तो मराठी मुलखातूनच. विल्यम हेन्री साइक्स (१७९०-१८७२) हा मुंबई लष्करातील अधिकारी १८२४ मध्ये मुंबई सरकारचा सांख्यिकी वृत्तलेखक म्हणून नेमला गेला. दख्खनच्या पाहणीत त्याने जमविलेल्या सस्तन प्राण्यांची यादी १८३१ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाली. साइक्सने अनेक प्राण्यांची मराठी नावे आस्थेने नोंदविली. रानकुत्र्याचे 'कोळसून' हे नाव त्याच यादीत आढळते. चिंकाऱ्याचे मराठी नाव त्याने 'काळशेपी' असे दिले आहे. शेपटीच्या काळ्या रंगावरून मराठी माणसाने दिलेले हे नाव अत्यंत अन्वर्थक आहे. परंतु शास्त्रीय नाव देताना साइक्सने सोसायटीचे सचिव एडवर्ड टर्नर बेनेट यांचा गौरव केला. 'गॅझेला बेनेटी' हे नाव आजही कायम आहे. 'काळशेपी' हा शब्द मात्र प्रचारातून जवळजवळ गेला आणि त्याच्या जागी मराठीतही 'चिंकारा' रूढ झाला.

एलियटची नोंद : दक्षिण मराठा मुलूख, १८३९

वॉल्टर एलियट (१८०३-१८८७) हे नाव इतिहासाच्या अभ्यासकांस अन्य कारणांनी परिचित आहे. १८२४ च्या कित्तूरच्या उठावात राणी चन्नम्माच्या सैन्याच्या हाती सापडलेल्या दोन इंग्रज अधिकाऱ्यांपैकी तो एक होता. कानडी शिलालेख, नाणी आणि अमरावतीचे शिल्पावशेष यांवरील त्याचे कार्य प्रसिद्ध आहे. त्या मानाने त्याचे प्राणिशास्त्रीय कार्य दुर्लक्षित राहिले. १८३३ पर्यंत तो दक्षिण मराठा मुलखात नोकरीस होता. धारवाड, बेळगाव आणि दक्षिणेकडील मराठा जहागिरी यांचा हा टापू राजापूरहून अणुस्कुरा घाटाने चढून गेल्यावर फार दूर राहत नाही. या मुलखातील सस्तन प्राण्यांची त्याची यादी १८३९ मध्ये मद्रासच्या वाङ्मय व विज्ञानविषयक नियतकालिकाच्या दहाव्या खंडात प्रसिद्ध झाली.

या यादीत एलियटने येथील चौशिंग्यास 'सब-क्वाड्रिकॉर्न्यूटस' असे नाव दिले. 'जेमतेम चार शिंगांचा' असा त्याचा भावार्थ होय. उत्तरेकडील वर्णनात ठळक असलेली पुढची शिंगे येथील नरांमध्ये खुरटलेली असतात, ही बाब त्याने नावातच नोंदविली. ग्रंथातील वर्णन आणि समोरचा प्राणी यांत विसंगती दिसताच त्याने समोरच्या प्राण्यास प्रमाण मानले. शिलालेखाचे वाचन करताना छापील प्रतीपेक्षा मूळ दगड प्रमाण मानणाऱ्या संशोधकाची ही दृष्टी आहे. एलियटने आपल्या यादीत मराठी, कानडी व दख्खनी नावेही दिली. त्यामुळे स्थानिक माहितगारांचे ज्ञान त्याच्या लेखनात अप्रत्यक्षपणे का होईना, टिकून राहिले.

एलियटचा हा प्रकार स्वतंत्र जाती म्हणून टिकला नाही. तथापि कॉलिन ग्रोव्ह्ज यांनी २००३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतीय खुरधारी प्राण्यांच्या वर्गीकरणाचा जो आढावा घेतला, त्यात चौशिंग्याचे तीन उपप्रकार मानले असून दक्षिणेकडील उपप्रकारास एलियटचेच नाव आहे. दक्षिण मराठा मुलखात झालेले निरीक्षण अशा रीतीने पावणेदोनशे वर्षांच्या आसपास शास्त्रात टिकून राहिले.

शिळाछापाचे युग

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिळाछापामुळे निसर्गचित्रांचा प्रसार वाढला. या परंपरेचा कळस म्हणजे फिलिप स्क्लेटर आणि ओल्डफील्ड थॉमस यांचा 'बुक ऑफ अँटिलोप्स' हा चार खंडांचा ग्रंथ (१८९४-१९००). या ग्रंथाची मूळ कल्पना सर व्हिक्टर ब्रुक यांची. त्यांच्या देखरेखीखाली योसेफ वुल्फ या जर्मन चित्रकाराने काढलेली चित्रे योसेफ स्मिट याने दगडावर उतरविली. हाताने रंगविलेल्या शंभर चित्रफलकांमुळे हा ग्रंथ आज संग्राहकांच्या दृष्टीने मौल्यवान ठरला असून त्यातील सुटे फलक चौकटीत बसवून विकले जातात.

या चित्रांचे कलामूल्य निर्विवाद आहे. परंतु ग्रंथापासून सुटलेल्या फलकाबरोबर मजकूर येत नाही. मादी कशी दिसते, दक्षिणेत पुढची शिंगे कशी बदलतात, कोणत्या भाषेत काय नाव आहे, हे सारे मजकुरात असते. चित्रात राहतो तो एक सुंदर प्राणी आणि त्याखालील नाव. साहेबी शिकारीच्या दिवाणखान्यात टांगलेल्या मुंडक्यांनीही हीच निवड पक्की केली. चार सुबक शिंगांचे डोके भिंतीवर गेले, दोन शिंगांचे डोके दुर्लक्षित राहिले आणि मादीची नोंद घेण्याचे कारणच उरले नाही.

स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने विचार

येथे एक रास्त प्रश्न उपस्थित होतो. एका प्राण्याच्या शिंगांची चर्चा इतिहासाच्या अभ्यासकाने का करावी? याचे उत्तर साधनांच्या चिकित्सेत आहे. कोकणाच्या परिस्थितीचा अभ्यास करताना 'रत्नागिरी व सावंतवाडी' हा १८८० चा मुंबई इलाख्याचा गॅझेटियर आधारभूत मानला जातो. गॅझेटियरमधील प्राणिविषयक प्रकरणे अधिकारी, शिकारी आणि त्यांचे स्थानिक माहितगार यांच्या सांगण्यावरून सिद्ध होत. याच सुमारास जी. डब्ल्यू. व्हिडल या मुलकी अधिकाऱ्याने दक्षिण कोकणातील पक्ष्यांची सविस्तर यादी प्रसिद्ध केली. पक्ष्यांचे कातडे भरून ठेवता येत असे, नमुने ताडून पाहता येत. रानात क्षणभर दिसलेल्या चतुष्पादाची नोंद मात्र दिसलेल्या शिंगांवर आणि ऐकलेल्या नावावर अवलंबून असे.

ज्या निरीक्षकाच्या मनात चार शिंगांचे चित्र पक्के होते, त्यास पुढची शिंगे खुरटलेला नर दिसला तर तो त्यास चौशिंगा म्हणून नोंदवील, याची शाश्वती नाही. मादी दिसल्यास तो तिला भेकर म्हणेल, हे अधिक संभवनीय आहे. म्हणून जुन्या यादीत चौशिंग्याचे नाव नाही, एवढ्यावरून तो त्या प्रदेशात नव्हता असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. त्याचप्रमाणे 'चिकारा' वा 'भिरकी' यांसारख्या एखाद्या नावावरून त्याचे अस्तित्व सिद्ध मानणेही तितकेच घाईचे आहे. या दृष्टीने पुढील निकष उपयुक्त ठरतील.

१. नोंदीतील देशी नाव कोणत्या भाषेतील आहे व ते कोणत्या लिपीतून उतरले आहे, हे प्रथम निश्चित करावे.
२. नोंद नराची की मादीची, जिवंत प्राण्याची की शिंगांची, हे वेगळे करावे.
३. जुन्या घरांतून जपलेली शिंगे व कवट्या तपासाव्यात. चौशिंग्याची शिंगे गुळगुळीत, सरळ व बिनफाट्याची असतात. भेकराच्या शिंगास बुडाशी लहान फाटा असतो आणि नराच्या वरच्या जबड्यात सुळे असतात.
४. घाटमाथ्यावरील व घाटाखालील वयोवृद्ध माहितगारांकडून प्राण्याचे वर्णन आधी घ्यावे आणि चित्र नंतर दाखवावे. चित्र आधी दाखविल्यास उत्तर चित्राप्रमाणे मिळण्याचा धोका असतो.

या विवेचनास वर्तमानाचाही संदर्भ आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत चौशिंग्याचा समावेश असून आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने त्यास 'असुरक्षित' या वर्गात ठेवले आहे. प्रौढ प्राण्यांची एकूण संख्या दहा हजारांच्या आत असल्याचा अंदाज आहे. महाराष्ट्रात ताडोबा व मेळघाट येथील रानांत तो आढळतो. चिंकाऱ्यासाठी पुणे जिल्ह्यात सुपे येथे मयूरेश्वर अभयारण्य आहे. एखाद्या रानाच्या संरक्षणाचा विचार होतो, तेव्हा तेथे पूर्वी कोणते प्राणी होते असा प्रश्न विचारला जातो आणि उत्तरासाठी जुन्या याद्या उघडल्या जातात. यादीत जे नाही ते रानातही नव्हते, असे गृहीत धरले गेल्यास शतकापूर्वीच्या ओळखीतील त्रुटी आजच्या निर्णयात उतरते.

निष्कर्ष

१. चौशिंग्याचे शास्त्रीय नाव आणि त्याचे चित्रण ही दोन्ही नराच्या शिंगांवर केंद्रित झाली. त्यामुळे मादी आणि दक्षिणेकडील खुरट्या शिंगांचा नर हे ओळखीच्या परिघाबाहेर राहिले.
२. हार्डविकच्या 'चिकारा' या नावामुळे दोन भिन्न कुरंगांच्या नोंदींत गोंधळ झाला, तर साइक्सने नोंदविलेले 'काळशेपी' हे अर्थपूर्ण मराठी नाव व्यक्तिगौरवाच्या प्रथेमुळे मागे पडले.
३. निसर्गचित्रे काढणारे बहुसंख्य भारतीय चित्रकार अनामिक राहिले. गंगाराम तांबट हा मराठी चित्रकार त्यास अपवाद होय.
४. वॉल्टर एलियटची १८३९ ची नोंद ही प्रदेशातील प्रत्यक्ष प्राण्यास प्रमाण मानणारी असल्याने घाटमाथा व त्यालगतच्या कोकणाच्या अभ्यासकांसाठी ती कोणत्याही देखण्या चित्रफलकापेक्षा अधिक मोलाची आहे.

जुने निसर्गचित्र हे इतिहासाचे साधन आहे, यात शंका नाही. मात्र कोणत्याही दस्तऐवजाप्रमाणे त्यासही कर्ता, हेतू आणि मर्यादा असतात. राजापूरच्या बंदरी इतिहासाची साधने ज्या कसोशीने तपासली जातात, तीच कसोशी या परिसराच्या रानाच्या इतिहासासही लावली जाणे अगत्याचे आहे.